संत्र्यांच्या बागेतून जाणारी वाघवाट

पेंचच्या कॉलरवाली वाघिणीनं आठ वेतांत २९ बछडे दिले. १५ जानेवारी २०२२ रोजी ती गेली, तेव्हा तिनं सोळा वर्षं ओलांडली होती. रानातल्या वाघाला एवढं आयुष्य क्वचितच लाभतं. २००८ साली तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली, ती पुढे बंद पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वनखात्यानं तिची चिता रचली, फुलं वाहिली, जवळच्या गावातल्या एका आदिवासी बाईंच्या हातून अग्नी दिला. देशभरच्या वर्तमानपत्रांत तो फोटो आला. २९ पैकी २५ बछडे जगले, असं सांगतात. तो आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला: ही एवढी लेकरं गेली कुठं?

वाघाची पोरं दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून सुटतात. पोरगी असेल तर कधी कधी आईच्या हद्दीला लागूनच आपली जागा करते. नराला ती मुभा नसते. भोवतालचा प्रत्येक नाला, प्रत्येक पाणवठा एखाद्या थोराड नराच्या ताब्यात असतो आणि तिथं थांबायचं म्हणजे जिवावर उदार होऊन भांडायचं. पेंचचं मध्य प्रदेशातलं गाभाक्षेत्र सुमारे ४११ चौरस किलोमीटर आहे. २०२२ च्या गणनेत त्या प्रकल्पात ७७ वाघ मोजले गेले. तेव्हा तरणा वाघ एका रात्री उठतो आणि चालू लागतो. पूर्वेला गेला तर कान्हा. पश्चिमेला गेला तर सातपुडा आणि मेळघाट. दक्षिणेला उतरला तर काटोल-कोंढाळीच्या झुडपी जंगलांतून बोर. पश्चिमेची आणि दक्षिणेची वाट जिथं जवळ येते, त्या पट्ट्यात सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके आहेत. वर सातपुड्याची उतरण, खाली नागपूरचं पठार, मध्ये संत्र्यांच्या बागा.

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं की राज्याची सीमा ओलांडल्यावर या भागात शिरतो. रस्त्याला बोरगाव लागतं. बाहेरच्यांना बोरगाव माहीत आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे, रेमंडच्या कापड गिरणीमुळे. पण गिरणीच्या भोंग्यापलीकडे शिवार सुरू होतं ते कापूस, तूर, मका आणि संत्र्यांचं. घरात मराठी बोलतात, तीही वऱ्हाडी वळणाची. कचेरीत गेलं की कागद हिंदीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पर्यंत तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर होणारी गोटमार एवढ्याच कारणानं हा भाग दरवर्षी बातमीत येतो. वाघांच्या संदर्भात त्याचं नाव फार क्वचित निघतं, आणि माझ्या मते भारतातल्या वाघसंवर्धनाची खरी परीक्षा अशाच, नाव न निघणाऱ्या गावांच्या शिवारात चालली आहे.

देशात २००६ साली १,४११ वाघ उरल्याचा अंदाज आला आणि सगळे हादरले. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला. त्यातले ७८५ मध्य प्रदेशात, ४४४ महाराष्ट्रात. ही वाढ खरी आहे, कष्टानं मिळवलेली आहे. वनरक्षकांनी उन्हातान्हात गस्ती घातल्या, कितीतरी गावांनी आपली पिढ्यानपिढ्यांची जागा सोडून पुनर्वसन पत्करलं, तेव्हा ती झाली. पण वाघ वाढले, त्या प्रमाणात त्यांची जागा वाढली नाही. जागतिक यादीत वाघ अजूनही संकटग्रस्त आहे, आणि आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न या वाघांचा एकमेकांशी संबंध राहतो का, हा आहे.

तो संबंध तुटला तर काय होतं, हे ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये दिसतं. तिथले काही वाघ जवळजवळ काळे दिसतात. पट्टे एवढे रुंद होतात की मधला पिवळा रंग झाकून जातो. पर्यटकांना त्याचं अप्रूप वाटतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की एका जनुकातल्या बदलामुळे हा रंग येतो, आणि तिथले वाघ बाकीच्यांपासून तुटून, मोजक्याच जनावरांच्या आपसातल्या वंशावर वाढल्यामुळे तो बदल एवढा पसरला. मध्य भारतातलं चित्र अजून तसं नाही. संदीप शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून २०१३ मध्ये जे अभ्यास छापले, त्यांतून हेच दिसलं की मधल्या जंगलपट्ट्यांनी या चार ठिकाणच्या वाघांना अजून एका सूत्रात ठेवलं आहे, आणि जिथं पट्टा तुटला तिथं देवाणघेवाण मंदावली आहे. २०१४ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी देशभरच्या ३२ प्रमुख संचारमार्गांचे नकाशे काढले. पेंच-सातपुडा-मेळघाट हा त्यातला एक.

नकाशावर तो हिरवा, सलग पट्टा दिसतो. जमिनीवर तसं काही नाही. सिल्लेवानीचा घाट, देवगडच्या गोंड किल्ल्याभोवतीचं रान, कन्हान आणि जामची खोरी, सागाच्या टेकड्यांचे तुकडे. आणि या तुकड्यांमध्ये शेतं, पांदणी, विहिरी, रेल्वे, डांबरी रस्ते. दिल्लीहून चेन्नईला जाणारी मुख्य रेल्वेलाइन पांढुर्ण्यातून जाते. नागपूर-छिंदवाडा ही जुनी छोटी गाडी गेली, तिथं आता मोठा मार्ग झाला. वाघ या सगळ्यातून जातो ते नाल्याच्या घळीनं, रात्री, आवाज न करता. बहुतेक वेळा गावाला पत्ताही लागत नाही. लागतो तो सकाळी, ओलिताच्या वाफ्यात.

रात्री पाणी दिलेल्या वाफ्यातल्या मऊ चिखलात वाघाचं पाऊल स्वच्छ उमटतं. चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत. चालताना वाघ नखं आत ओढून घेतो. कुत्र्याच्या पावलापुढे नखांचे ठिपके असतात, म्हणून आधी तेच पाहायचं. मागची गादी मोठी, तिची खालची कड तीन फुगवट्यांची. नराचा ठसा चौकोनी भरतो, मादीचा लांबट, बोटंही जरा निमुळती. बिबट्याचा ठसा तसाच, पण तळहात ठेवला तर झाकला जाईल एवढा. या भागातले जुने गुराखी एवढं वाचून जनावर कुठून आलं, घाईत होतं की रमतगमत, हे सांगतात. एके काळी वनखातं वाघ मोजायचं तेही याच ठशांवरून. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कातून वाघ संपले तरी कागदावर ते जिवंत होते, हे उघडकीला आल्यावर ती पद्धत बाजूला पडली आणि कॅमेरे आले. आता पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. पण कॅमेरे लागतात प्रामुख्यानं जंगलात. संत्र्याच्या बागेत वाघाची नोंद ठेवणारा अजूनही शेतकरीच आहे.

वाघ शेतात येतो तो शेतकऱ्याच्या मागं नाही. तो येतो रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या मागं. रोही, म्हणजे नीलगाय, आणि डुक्कर ही दोन जनावरं या भागातल्या शेतकऱ्यांची खरी डोकेदुखी आहेत. पेरलेला हरभरा उगवायच्या आत डुकरं उकरून खातात. मक्याचं शेत एका रात्रीत आडवं होतं. संत्र्याच्या आळ्यात किडे आणि मुळं शोधत डुकरं अशी उकरतात की मुळ्या उघड्या पडतात आणि पुढं झाड वाळतं. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात. अशी चार झाडं वाळली की घरात कुणाला जेवण जात नाही. पिकाच्या राखणीसाठी रात्री जागल करावी लागते, ती वर्षानुवर्षं. धुऱ्यावर मचाण, हातात बॅटरी, एखादा फटाका. वाघाची भीती असते, पण ती कधीतरीची. डुकराची चिंता रोजची.

यात भर पडते विजेची.

या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे आणि ती हीच. मध्य प्रदेशात शेतीच्या फीडरला दिवसाकाठी दहा तास वीज देतात, पण ती सलग नसते आणि तिचा एक हिस्सा रात्री पडतो. सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रातही पाळ्या आहेत. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. थ्री-फेज आली की मोटार सुरू करायची, वाफे बदलायचे, पाट फोडायचा, आणि हे सगळं अंधारात, घोट्याएवढ्या चिखलात, वाकून. आंबिया बहाराची फळं झाडावर असतात तेव्हा दिवाळीच्या पुढचे दिवस. त्याच वेळी हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी. म्हणजे माणूस रात्री शेतात, डुक्कर रात्री शेतात, वाघही रात्री शेतात. तिघांना एका वेळी एका ठिकाणी आणून उभं करण्याचं काम विजेच्या वेळापत्रकानं केलं आहे. वाघाच्या स्वभावावर पुस्तकं लिहिली गेली, गावकऱ्यांच्या प्रबोधनाच्या सभा झाल्या, पण त्या फीडरच्या वेळापत्रकाकडे वन्यजीवांचा प्रश्न म्हणून किती जणांनी पाहिलं?

आणि याच विजेची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. डुकरांना अडवायला काही ठिकाणी शेताभोवती उघडी तार ओढतात. बांबूच्या किंवा पळसाच्या खुंट्या, त्यांवर गुडघ्याच्या उंचीला, कधी त्याहूनही खाली, साधी बारीक लोखंडी तार. संध्याकाळी खांबावरच्या वाहिनीवर आकडा टाकायचा आणि पहाटे काढून घ्यायचा. दिवसा पाहिलं तर कुणाला काही संशय येणार नाही. झटका मशीनची तार जनावराला क्षणभराचा धक्का देऊन सोडते. या तारेतून सरळ वाहिनीचा प्रवाह जातो, तो सोडत नाही. ओल्या रात्री पाय तारेला लागला की जनावर तिथंच पडतं. डुक्कर पडतं, रोही पडतो, शेजारचा शेतकरी पडतो, वाघ पडतो. मग भीतीपोटी कुणीतरी खड्डा खणून वाघ पुरतो आणि महिनोन् महिने त्याचा पत्ता लागत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात याला तुरुंगवास आहे. हे कृत्य गुन्हा आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तार ओढणारा बहुधा शिकारी नसतो. दोन बिघे हरभरा वाचवू पाहणारा माणूस असतो. शिकाऱ्यासाठी गस्त लागते. या माणसासाठी दुसरं काही लागतं.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे तालुक्यात, सिंदीविहिरीच्या शिवारात, अशाच तारेला चिकटून एक वाघीण मेली. वनखात्याच्या कागदावर ती टी-२७ ची बछडी होती. तिची गोष्ट सौंसर-पांढुर्ण्यापासून फार लांब घडलेली नाही, म्हणून सविस्तर सांगतो. ब्रह्मपुरी भागात तिनं माणसांवर हल्ले केले म्हणून तिला पकडलं. जुलैच्या अखेरीस गळ्यात कॉलर घालून बोर प्रकल्पात सोडलं. बोर हा देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, आणि तिथं आधीच वाघ होते. ती थांबली नाही. वर्धा, नागपूर, अमरावती या तीन जिल्ह्यांच्या शेतांतून ती शेकडो किलोमीटर फिरत राहिली. तिच्या वाटेत दोन माणसं मेली. गावं रस्त्यावर आली, गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, न्यायालयानं आदेश कायम ठेवला. खात्याची पथकं तिच्यामागे धावत होती. गोळी लागायच्या आधी तिला शेतातली तार लागली. तिच्या गळ्यातल्या कॉलरमुळे ती कुठं आहे, हे तासातासाला कळत होतं, आणि तरीही तिच्यापुढच्या शेतात रात्री तार जिवंत आहे, हे कुणाला कळलं नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोरचा बाजीराव हा नामांकित नर नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत गेला. तोही रस्ता ओलांडू पाहणारा वाघ होता.

मग २०१८. चंद्रपूर जिल्ह्यातून एक तरणा नर निघाला. ऑक्टोबरात तो अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात, मंगरूळ दस्तगीरच्या परिसरात पोचला. तिथं दोन माणसं त्याच्या हल्ल्यात गेली. कापूस वेचायचे दिवस. बायका शेतात जाईनात, वेचणी अडली. वाघ मात्र चालतच होता. वर्धा नदीच्या काठानं तो मोर्शी-वरूडकडे सरकला, संत्र्यांच्या पट्ट्यातून सातपुड्याच्या उतरणीला लागला आणि बैतूल जिल्ह्यात शिरला. डिसेंबरात सारणीच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात त्याला पकडून सातपुडा प्रकल्पात सोडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो परत सारणीला आला. पुन्हा पकडला. आधी कान्हाच्या बंदिस्त आवारात, मग भोपाळच्या वनविहारात. जंगल त्याला परत मिळालं नाही. मध्य प्रदेशात शिरल्यावर त्यानं माणूस मारल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. एवढं अंतर, एवढी गावं, एवढे रस्ते ओलांडून एक जनावर नेमकं त्या वाटेनं गेलं, जी शास्त्रज्ञांनी नकाशावर आखली होती. वाट जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा? आणि त्या पुराव्याचं आम्ही काय केलं, तर पिंजऱ्यात घातलं.

वाघ उचलून दुसरीकडे सोडला की प्रश्न सुटतो, ही समजूत गावकऱ्यांची आहे तशीच अधिकाऱ्यांचीही आहे. पेंचच्याच एका वाघानं ती खोटी ठरवली आहे. पन्नामधले वाघ संपल्यावर २००९ च्या नोव्हेंबरात पेंचहून टी-३ नावाचा नर तिथं नेला. काही दिवसांत तो पन्ना सोडून दक्षिणेला, आपल्या पेंचच्या दिशेनं चालू लागला. हत्ती, जीप, माणसं महिनाभर त्याच्यामागे होती. नाताळच्या दिवशी त्याला बेशुद्ध करून परत आणलं. पुढं त्यानंच पन्नात नवा वंश उभा केला, हा भाग सुखाचा. पण शेकडो किलोमीटरवरून घराची दिशा धरणारं जनावर आपण नेऊन ठेवू तिथं बसेल, ही अपेक्षा फोल आहे. जुन्नरच्या बिबट्यांवर विद्या अत्रेय यांनी केलेलं काम हेच सांगतं: बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली, आणि माणसांवरचे हल्ले घटायच्या ऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर शेजारी म्हणून अधिक धोक्याचं. सौंसरच्या शिवारात वाघ दिसला की पिंजरा मागणाऱ्यांचा राग मी समजू शकतो, त्यांची मागणी मात्र त्यांच्याच जिवावर उठणारी आहे.

राग येतो तो जनावर मेल्यावर. दुभती म्हैस गेली की घरची दुधाची रोजची आवक गेली. बैल गेला की वखरणी अडली. वाघानं मारलेलं ढोर जागेवरून हलवायचं नाही, वनरक्षकाला कळवायचं, त्यानं पंचनामा करायचा, पशुवैद्यानं दाखला द्यायचा. वाघ बहुधा मागच्या फऱ्यापासून खायला सुरुवात करतो, हेही पंचनाम्यात पाहिलं जातं. मध्य प्रदेशात पशुहानीची मदत लोकसेवा हमी कायद्याखाली येते. २०१० चा हा कायदा देशातला असा पहिला कायदा होता. म्हणजे मुदतीत पैसे मिळणं हा हक्क आहे. पण पिकाचं नुकसान वनखात्याकडे नाही, महसुलाकडे. डुकरांनी मका झोपवला तर पटवाऱ्याकडे जायचं, राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली अर्ज करायचा. वनखात्याच्या जनावरानं केलेलं नुकसान महसूल खातं मोजणार, आणि मधल्या मध्ये शेतकरी दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणार. पलीकडे, चार-पाच किलोमीटरवर महाराष्ट्रात, पिकाचंही वनखातंच पाहतं. माणूस दगावला तर महाराष्ट्रात मदत २५ लाखांवर गेली, तेव्हा मध्य प्रदेशात ती ८ लाखच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बांधवगडला हत्ती मेले, त्या प्रकरणानंतर तीही २५ लाख करण्याची घोषणा झाली. एकाच रानाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या, एकमेकांत सोयरिकी असणाऱ्या लोकांच्या जिवाची किंमत इतकी वर्षं वेगळी होती. लग्नाच्या मांडवात हे विषय निघतात, आणि ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

पैसे उशिरा मिळाले तर काय होतं, ते गोव्यानं पाहिलं आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या रानातल्या गोळावली इथं एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. पाळीव जनावरं मारली म्हणून मृत ढोरात विष घातल्याचं तपासात पुढे आलं. त्याआधी २०१९ च्या जुलैत चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यातल्या मेटेपारला एक वाघीण दोन बछड्यांसह अशीच विषानं गेली. कीटकनाशक प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असतं. ते ढोराच्या मांसात कालवायला एका कडवट संध्याकाळएवढा वेळ लागतो. पंचनामा त्या संध्याकाळच्या आत झाला पाहिजे, आणि काही रक्कम त्याच आठवड्यात हातात पडली पाहिजे. कान्हा-पेंच पट्ट्यात काही संस्थांनी असा तातडीचा मदतनिधी चालवून दाखवला आहे: सरकारी पैसे येईपर्यंत थोडी रक्कम लगेच. रक्कम छोटी असते. पण कुणीतरी दुसऱ्या दिवशी दारात आलं, हे माणूस विसरत नाही.

या भागातल्या लोकांनी वाघाला कधी शत्रू म्हणून पाहिलं नाही, असं सरसकट म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. इंग्रजी अमदानीत वाघ मारायला बक्षीस होतं आणि ते घेणारेही इथलेच होते. पण गोंडांच्या आणि कोरकूंच्या गावांत शिवेवर वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड असतो, हेही खरं आहे. अकोले आणि नाशिककडच्या आदिवासी पाड्यांत वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात. गुराखी रानात वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि आमच्या ढोरांना सांभाळ म्हणतात. गाय-वासराच्या पूजेच्याच दिवशी वाघाचीही आठवण काढणारी ही माणसं भोळी नव्हेत. गाय राखायची तर वाघाशी काही करार हवा, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. आजचा करार वीज कंपनी, वनखातं, महसूल आणि रस्ते खातं यांच्याशी करायचा आहे, आणि त्यांच्यापुढे नारळ फोडून भागत नाही.

करार होऊ शकतो, याचं उदाहरण फार लांब नाही. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचमधून चौपदरी करायचा ठरला, तेव्हा वर्षानुवर्षं न्यायालयात लढाई चालली. वन्यजीव संस्थेनं वाघ कुठून जातात ते दाखवलं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूलाही भुयारी वाटा आणि प्रकाश-आवाज अडवणाऱ्या भिंती झाल्या. खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात, कॅमेऱ्यांत दिसतात. वरून ट्रक जातात. तो खर्च अवाच्या सवा आहे, असं म्हणणारे आता बोलत नाहीत. मात्र हा न्याय व्याघ्रप्रकल्पाच्या पोटातून जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. दोन प्रकल्पांमधल्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी तसा लढणारा कुणी उभा राहायला हवा, आणि तो सौंसर-पांढुर्ण्यातला असेल तर उत्तम. अमरावतीच्या किशोर रिठे यांनी २००१ मध्ये सातपुडा फाउंडेशन उभी केली आणि मेळघाट-पेंचच्या गावांत काम सुरू केलं, ते बाहेरून आदेश देऊन झालं नाही. गावातली पोरं हाताशी धरून झालं.

शिवारासाठी मात्र उड्डाणपुलांचा खर्चही लागत नाही. शेतीला दिवसा वीज देणं, हे सरकारांनी तत्त्वतः कधीच मान्य केलं आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे. फीडरच सौरऊर्जेवर टाकला की पाणी द्यायची वेळ आपोआप दिवसाची होते. प्रश्न आहे तो आधी कोणत्या फीडरवर, एवढाच. संचारमार्गाचा नकाशा वनखात्याकडे तयार आहे, फीडरचा नकाशा वीज कंपनीकडे आहे. हे दोन कागद एकावर एक ठेवून, जिथं वाघाची वाट जाते ते फीडर यादीत पहिले घ्यायला किती खर्च येतो? त्यानं रात्रीची जागल संपणार नाही, पण पाणी द्यायला अंधारात वाकून उभं राहणं संपेल. दिवसा वीज आणि रात्री वाहिनी बंद, असं झालं तर आकडा टाकायला तारेत प्रवाहच राहणार नाही. तारेनं मरणारे वाघ वाचतील, आणि तारेनं मरणारी माणसंही.

उरला डुकराचा प्रश्न. त्याला सौर कुंपण हे सध्या हाताशी असलेलं सर्वांत बरं उत्तर आहे. एकट्यानं घातलं तर डुकरं शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि धुऱ्यावरून भांडणं लागतात. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून सलग घातलं तर परवडतं आणि टिकतं. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्रप्रकल्पांच्या आसपासच्या आणि संचारमार्गातल्या गावांना त्यासाठी अनुदान मिळतं. संचारमार्गातलं गाव हे मदतीला पात्र आहे, ही त्या योजनेतली ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. कारण त्यात मान्य केलेलं आहे की वाघाचं ओझं प्रकल्पाला खेटून नसलेली गावंही उचलतात, पर्यटकांच्या जिप्सीतला एक रुपयाही त्यांच्या वाट्याला येत नसताना. बोरगावात रिसॉर्ट नाही, सफारीचं फाटक नाही, गाइडची नोकरी नाही. आहे ती फक्त वाट. तेव्हा दक्षिण छिंदवाडा वनविभागातल्या सौंसर आणि पांढुर्ण्याच्या गावांची नावं मध्य प्रदेश सरकारनं अशाच एका यादीत घालावी, पंचनाम्यासाठी वनखातं आणि महसूल यांची एकच खिडकी करावी, अर्ज मराठीत घ्यावा, आणि यंदाच्या रब्बीपासून त्या फीडरची पाळी दिवसाची करावी.